बागेच्या फाटकाला साधी लाकडी खिट्टी: कशी करावी, कुठे अडतं

पटाशी

बागेच्या फाटकाला विकतची लोखंडी कडी लावली की सुरुवातीला ती छान सरकते. पुढे फाटक जरासं खाली बसतं, दांडा कोयंड्याच्या भोकासमोर येईनासा होतो आणि मग एका हाताने फाटक उचलून धरायचं, दुसऱ्या हाताने कडी सरकवायची, असं सुरू होतं. दोष कडीचा नसतो. ती अचूक मापाची वस्तू आहे आणि उन्हापावसात उभं असलेलं लाकडी फाटक कधीच अचूक मापात राहत नाही.

म्हणून इथे अशी खिट्टी मांडतोय जी मुळातच ढिली असते. मी तिला पडती खिट्टी म्हणतो. भाग चार: फाटकावर एका बोल्टभोवती फिरणारी पट्टी, ती पट्टी फार वर किंवा खाली जाऊ नये म्हणून तिच्यावरून घेतलेली कमान, खांबावर बसवलेला खाचेचा ठोकळा आणि फाटक जिथे थांबायला हवं तिथे खांबाला मारलेली थांबपट्टी. फाटक लोटलं की पट्टीचं टोक ठोकळ्याच्या उतारावर चढतं आणि स्वतःच्या वजनाने खाचेत पडतं. स्प्रिंग नाही, तेलपाणी नाही.

माझ्या मापांत सांगतो, तुमच्या फाटकाप्रमाणे बदला. पट्टी ३५० मिमी लांब, ४० मिमी उंच, २० मिमी जाड. सागवानाची असेल तर साधारण १८० ग्रॅम भरते आणि पडायला तेवढं वजन पुरतं. आतल्या टोकापासून ३० मिमीवर बोल्टचं भोक. फाटक आणि खांब यांच्यात १२ मिमी फट धरली आहे. पट्टीचं पुढचं टोक फाटकाच्या कडेबाहेर साधारण ८० मिमी येतं. त्यात फट आली, ठोकळ्याची ४० मिमी रुंदी आली आणि वर थोडं टोक उरलं, ते बोटाने उचलायला.

बोल्ट ८ मिमीचा, भोक ९ मिमीचं. पट्टी आणि फाटक यांच्यामध्ये एक वॉशर, पट्टीच्या बाहेरच्या बाजूला दुसरा आणि मागे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा नट. साधा नट पट्टीच्या हालचालीने हळूहळू सुटतो. नायलॉक हवा तेवढाच आवळून सोडता येतो. पट्टी उचलून सोडली की धप्पकन पडली पाहिजे. रेंगाळत खाली आली तर नट सैल करा.

कमान फाटकाच्या कडेजवळ बसते. कमानीत पट्टीला वर जायला ३० मिमी मोकळी जागा ठेवली, तर ठोकळ्यापाशी तीच हालचाल जवळजवळ ४० मिमी होते, कारण ठोकळा बोल्टपासून जास्त लांब आहे. हे गणित आधी कागदावर करून घ्या. उताराचा माथा ओलांडण्याइतकी उचल पट्टीला मिळाली नाही तर खिट्टी लागणारच नाही.

ठोकळ्यात सगळी गोम आहे. उताराची सुरुवात पट्टीच्या खालच्या कडेपेक्षा २० मिमी खाली आणि माथा त्याच कडेपेक्षा १५ मिमी वर. कोन साधारण ३५ अंश, त्यामुळे उतार पायथ्याशी ५० मिमी पसरतो. माथा टोकदार करू नका, वर ८-१० मिमी सपाट ठेवा. मागे खाच, रुंदी २४ मिमी, म्हणजे २० मिमीच्या पट्टीला ४ मिमी मोकळीक. खाचेचा तळ पट्टी जिथे टेकते त्याच्याही ८ मिमी खाली. फाटक खाली बसलं तर पट्टी खाचेत अजून खोल जाते आणि तळाला टेकल्यावर कमानीत आपोआप वर सरकते. उलट खांब कलून फाटकाचं टोक वर आलं, तरी १५ मिमी पकड हाताशी असते. दोन्हीकडची चूक पोटात घेणारी दुसरी सोपी खिट्टी मला माहीत नाही.

हत्यारं: करवत, गुण्या, पटाशी, मोगरी, ड्रिल, कानस, काचकागद. रंधा असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देतो.


वाचनमात्र

वाचनखूण साठवली. मोकळीक किती ठेवायची हे आकड्यात सांगितलंत ते फार बरं झालं. बहुतेक ठिकाणी नुसतं ‘थोडी जागा सोडा’ असं लिहिलेलं असतं.


बागवाली

माझ्या फाटकाला आत्ता सरकती लाकडी आगळ आहे. कोरड्या हवेत मस्त चालते, ओल धरली की हलतच नाही. तासून बारीक केली, मग कोरड्या दिवसांत खुळखुळायला लागली. लाकूड चुकीचं आहे की माप?


पटाशी

@बागवाली, लाकडाला नावं ठेवण्याआधी फट मोजा. लाकूड ओल्याने फुगतं ते आडवं, म्हणजे तंतूंच्या आडव्या दिशेने. लांबीत ते जवळपास हलत नाही. पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत लांबीतला फरक ०.१ ते ०.२ टक्के असतो, आडव्या दिशेने मात्र कित्येक टक्के. त्यातही वाढीच्या वलयांना समांतर दिशेने ते वलयांच्या काटकोनात असलेल्या दिशेच्या साधारण दुप्पट हलतं. ४० मिमी रुंद आगळ कोरड्या आणि ओल्या दिवसांत मिळून अर्धा ते सव्वा मिलिमीटर बदलते, लाकूड कोणतं त्यावर अवलंबून. कमानीत एकच मिलिमीटर फट असेल तर अडकणारच. ३ मिमी ठेवा, दोन्ही ऋतूंत सुटेल.

खुळखुळण्याबद्दल: सरकत्या आगळीला तेवढा खुळखुळाट चालतो. आवाज नको असेल तर कमानीच्या आत वरच्या बाजूला चामड्याचा तुकडा चिकटवा. तो दाबला जातो, पण आगळ अडवत नाही.


गुण्या

लेख चांगला आहे. ठोकळ्यात तंतूंची दिशा सांगायची राहिली आणि ती सांगितल्याशिवाय हे काम कोणी करायला घेऊ नये.

तंतू आडवे ठेवले, म्हणजे खांबाकडे जाणारे, तर उताराचा माथा आखूड तंतूंवर उभा राहतो. फाटक वाऱ्याने हिसकलं की पट्टी माथ्याला आतून ढकलते आणि माथा तंतूंच्या रेषेत सोलून निघतो. उतार करवतीने कापताना हे लक्षात येत नाही, कारण तेव्हा लाकूड अखंड दिसतं. म्हणून तंतू उभे, खांबाच्या तंतूंसारखेच. मग माथा मुळापासून वर आलेल्या लांब तंतूंचा होतो.


नवशिका_सुतार

गुण्याकाका, तंतू उभे ठेवले तर खाचेच्या कोपऱ्यातून ठोकळा उभा चिरणार नाही का? माथ्यावर जोर आला की तो खांबापासून लांब ओढला जाणार आणि लाकूड उभ्या रेषेत सहज फाटतं.


गुण्या

बरोबर पकडलंस. चिरायचा झाला तर तिथूनच चिरतो. दोन उपाय आहेत आणि दोन्ही करायचे.

पहिला: खाच करवतीने काटकोनात कापू नकोस. आधी खाचेच्या तळाशी दोन्ही कोपऱ्यांत ८ मिमीची आरपार भोकं पाड, मग करवतीचे दोन उभे काप त्या भोकांपर्यंत आण आणि मधला तुकडा पटाशीने काढ. कोपरा गोल राहतो. काटकोनी कोपऱ्यात ताण एका रेषेवर येतो, चिरेला तिथून सुरुवात मिळते.

दुसरा: ठोकळा खांबाला लावणारे दोन स्क्रू खाचेच्या तळाखालून आडवे, पुढून मागे घे. चीर जिथून जाणार ती रेषा हे स्क्रू ओलांडतात, त्यामुळे पुढचा भाग मागच्याला बांधलेला राहतो. १०० मिमी लांबीचे घे आणि उताराच्या खालून स्क्रूचं डोकं जाईल एवढं रुंद भोक ३० मिमी खोल पाड. त्या भोकाच्या तळाला डोकं बसेल आणि स्क्रू खांबात चांगला खोल जाईल.

आणि आधी भोक पाडल्याशिवाय कठीण लाकडात स्क्रू मारायचा नाही. ४ मिमी जाडीच्या स्क्रूला खांबात ३ मिमीचं भोक आणि ठोकळ्यात साडेचार मिमीचं, म्हणजे स्क्रू ठोकळ्यातून मोकळा जातो आणि खांबात पकडतो. दोन्हीकडे आटे धरले तर मध्ये फट राहून जाते, कितीही आवळलंस तरी.


पटाशी

गुण्याकाका, ही भर लेखाच्या तोडीची आहे. ज्यांना हे करायचंय त्यांनी ठोकळ्यासाठी माझ्याऐवजी काकांची पद्धत धरावी.


रानवाट

कोणतं लाकूड? माझ्याकडे पाइनचे तुकडे पडून आहेत, त्यातून होईल का?


पटाशी

पट्टी पाइनची चालेल, पण ती हलकी होते, मग जाडी २५ मिमी घ्या आणि खाच त्या मानाने रुंद करा. ठोकळा आणि कमान मात्र कठीण लाकडाचीच असू द्या. उतारावर रोज घासणं होतं आणि मऊ लाकडात तिथे घळ पडते. सागवान उत्तम, कारण त्यात नैसर्गिक तेल असतं, कीड आणि कुजणं दोन्हीला तो टिकतो आणि ओल-कोरड्यात कमी हलतो. ओक टिकाऊ आहे, पण त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर. साध्या लोखंडी स्क्रूच्या आजूबाजूला काळे डाग पडतात आणि स्क्रूही लवकर गंजतो. बाभळीचंही तेच. अशा लाकडाला स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू.

एक मात्र नक्की पाहा. तुकडा गाभ्याचा असावा. कडेचं फिकट लाकूड कोणत्याही झाडाचं असो, उघड्यावर लवकर कुजतं, सागवानाचंसुद्धा. सागवान म्हणून घेतलेली पट्टी का कुजली असं विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा फिकट भाग मिळालेला असतो. आणि पट्टीत बोल्टच्या भोकाजवळ गाठ नको.


जुनं_फाटक

थोडं वेगळं मत मांडतो. खिट्टी कितीही ढिली केली तरी फाटक खाली बसतच राहिलं तर शेवटी ती पुरी पडणार नाही. आधी फाटकाचा तिरका आधार पाहा. लाकडी तिरकी पट्टी खालच्या बिजागरीकडून वर, खिट्टीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे जायला हवी. फाटकाचं वजन त्या पट्टीतून दाब म्हणून खालच्या बिजागरीवर जातं. उलट्या कर्णावर लावलेल्या लाकडी पट्टीवर ताण येतो आणि ताणात तिच्या टोकांचे खिळे-स्क्रू हळूहळू सैल होतात. कितीतरी फाटकांवर ती उलटी लावलेली दिसते आणि दोष खिट्टीला दिला जातो.

तार किंवा सळई लावायची असेल तर मात्र कर्ण उलटा: वरच्या बिजागरीकडून खालच्या मोकळ्या कोपऱ्याकडे. तार ताणातच काम करते. मध्ये आवळायचा स्क्रू घातला की फाटक बसलं तसं पुन्हा उचलता येतं.


बागवाली

+१. आत्ताच बाहेर जाऊन पाहिलं. माझ्या फाटकाची तिरकी पट्टी उलटीच आहे. आगळ अडकते ती फुगण्यामुळे आणि यामुळेही, असं दिसतंय. आधी पट्टी फिरवते.


शेळीवाडा

आमच्या बाजूने एक अडचण. शेळ्या. त्या पट्टीखाली नाक घालतात आणि उचलतात. एकीने शिकलं की बाकीच्या बघून शिकतात. घोड्यांचंही तेच ऐकलंय. पडती खिट्टी आमच्याकडे रात्रभर टिकणार नाही.


पटाशी

कमानीत भोक पाडा, पट्टीच्या वरच्या कडेच्या किंचित वर, आणि त्यातून १० मिमीची लाकडी खुंटी घाला. खुंटी आत असेपर्यंत पट्टी वर जाऊच शकत नाही. खुंटीला दोरी बांधून ती फाटकाला अडकवा, नाहीतर हरवते. दिवसा खुंटी काढून ठेवा, मग फाटक लोटलं की लागतं. रात्री घाला. आणि शेळ्यांसाठी खिट्टी फाटकाच्या बाहेरच्या अंगाला ठेवता आली तर सगळ्यात बरं, पण ते फाटक कोणत्या बाजूला उघडतं त्यावर आहे.


गुण्या

@शेळीवाडा, जनावरांसाठी मी सरकती आगळच सांगेन. ती उचलून उघडत नाही, बाजूला सरकवावी लागते आणि ते नाकाने जमणं अवघड. फाटकावर दोन कमानी, एकमेकींपासून निदान १५० मिमी लांब, म्हणजे आगळ डोलत नाही. खांबातली खाच उंचीला आगळीपेक्षा निदान १५ मिमी जास्त ठेवा, फाटक खाली-वर झालं तरी आगळ आत जाते. रुंदीला ३-४ मिमी पुरते. म्हणजे खाच उभी, लांबट दिसते. पटाशींनी वर जे तत्त्व मांडलं तेच, फक्त मोकळीक ज्या दिशेला लागते त्या दिशेला जास्त द्यायची.

आणि खांबातली ही खाच बंद पेटीसारखी ठेवू नका. पाणी आत साठतं आणि खांब तिथूनच कुजायला लागतो. खाच आरपार काढा किंवा तळ बाहेरच्या बाजूला उतरता करा.


दोरी_आणि_गाठ

बाहेरून उघडायचं कसं हे कोणी लिहिलं नाही. फाटक कमरेएवढं असेल तर वरून हात घालून पट्टी उचलता येते. उंच फाटकाला दोरी हा सगळ्यात सोपा मार्ग. पट्टीत कमानीजवळ छोटं भोक, त्यातून दोरी, ती पट्टीच्या वर १५० मिमीवर फाटकात पाडलेल्या भोकातून बाहेर काढायची आणि बाहेर गाठ किंवा लाकडी मणी. बाहेरून ओढलं की पट्टी उचलते. रात्री दोरी आत ओढून घेतली की बाहेरून काहीच हाती लागत नाही.

दोरी पॉलिएस्टरची घ्या. सुती दोरी ओलीत कुजते. नायलॉन भिजलं की ताणतं आणि उन्हात पॉलिएस्टरपेक्षा लवकर कमकुवत होतं. फाटकातल्या भोकाच्या दोन्ही कडा कानशीने चांगल्या गोल करा. दोरी तुटते ती बहुतेक वेळा त्या कडेवरच, मध्ये क्वचित.


रानवाट

दोरी नको असेल तर?


दोरी_आणि_गाठ

मग फाटकाच्या फळीत उभी खाच पाडायची आणि पट्टीत १२ मिमीची खुंटी बसवून ती त्या खाचेतून बाहेर काढायची. बाहेरून खुंटी वर उचलली की झालं. खाच खुंटीपेक्षा ४ मिमी रुंद ठेवा आणि किंचित वाकडी काढा, कारण पट्टी बोल्टभोवती फिरते म्हणजे खुंटी सरळ रेषेत न जाता कमानीच्या रेषेत वर जाते. पट्टी जागेवर बसवून, खुंटीच्या जागी पेन्सिल धरून पट्टी वर-खाली केली की नेमकी रेघ मिळते. बोल्टपासून जितकं लांब, तितकी रेघ सरळ.


नवशिका_सुतार

ही पेन्सिलची रीत फार आवडली. मोजत बसण्यापेक्षा वस्तूकडूनच रेघ काढून घ्यायची.

अजून एक: साधं कुलूप लावायची सोय होईल का? बोल्ट-नट न वापरता, सगळं लाकडाचं?


गुण्या

होईल, आणि ही युक्ती फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी कुलपं होती. सरकत्या आगळीच्या वरच्या अंगाला भोकं आणि त्यांच्यावर ठोकळ्यात सुट्या लाकडी खुंट्या. आगळ बंद झाली की खुंट्या वजनानेच भोकांत पडतात आणि आगळ अडते. किल्लीही लाकडाचीच, तिच्यावर उभे दात. आगळीत घालून वर उचलली की दात खुंट्यांना वर ढकलतात आणि आगळ मोकळी. १८६० च्या दशकात लायनस येल ज्युनियरने धातूच्या छोट्या पिना आणि चपटी किल्ली वापरून जे कुलूप केलं आणि जे आज आपल्या दारांत आहे, त्याचं मूळ तत्त्व हेच. माली देशातल्या डोगोन लोकांची कोरीव लाकडी कुलपंही याच घडणीची आहेत.

बागेच्या फाटकाला एकच खुंटी पुरेल. फक्त ती ढिली बसली पाहिजे. तिचं भोक १२ मिमीचं असेल तर खुंटी ११ मिमीची, मेण लावून. अडकलेली खुंटी खाली पडत नाही आणि मग ते कुलूप राहत नाही.


वाचनमात्र

धागा वाचताना दर प्रतिसादात नवीन काहीतरी मिळतंय. रंग लावायचा की तेल?


पटाशी

जिथे लाकूड लाकडाला घासतं तिथे रंग नको. रंगाचे दोन-तीन हात बसले की जाडी वाढते, आपण ठेवलेली मोकळीक त्यात जाते आणि घासणीने रंगाचे पापुद्रे सुटून खाचेत अडकतात. पट्टीची बाहेरची बाजू हवी तर रंगवा. बाकी सगळीकडे जवसाचं तेल, पातळ हातांनी, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. कच्चं जवस वाळायला फार वेळ घेतं, उकळलेलं म्हणून मिळतं ते वापरा. पट्टीची टोकं, बोल्टच्या भोकाची आतली बाजू आणि ठोकळ्याचा उतार इथे जास्त हात द्या. तिथे तंतूंची तोंडं उघडी असतात आणि लाकूड पाणी तिथूनच सगळ्यात वेगाने पितं.

उतारावर आणि पट्टीच्या खालच्या कडेवर मेणबत्ती घासा. ग्रीस लावू नका, धूळ धरतं आणि काचकागदासारखं काम करायला लागतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळतं म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची क्रिया होते आणि त्यात उष्णता निघते. चुरगळलेल्या चिंध्यांत ती उष्णता बाहेर पडत नाही, वाढत जाते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात, जवळ विस्तव नसतानाही. चिंध्या उघड्यावर, एकेरी पसरून, कडक होईपर्यंत वाळवा, मग टाका. नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा.


जुनं_फाटक

चिंध्यांचं सांगितलंत ते फार गरजेचं होतं. तेल हाताळणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतंच असं नाही.


रानवाट

माझं फाटक छोटं आणि हलकं आहे, वाफ्याभोवतीच्या कुंपणाचं. त्यासाठी एवढं सगळं करू का?


पटाशी

नका करू. फिरती खिट्टी लावा: १०० मिमी लांब, ३० मिमी रुंद लाकडी तुकडा, मधोमध नाही तर थोडं एका बाजूला भोक, एक जाड स्क्रू, दोन्हीकडे वॉशर. खांबावर बसवा. जड बाजू खाली लोंबते म्हणून भोक असं ठेवा की सोडल्यावर लांब बाजू फाटकावर आडवी न जाता उभी राहते आणि फाटक मोकळं होतं. आडवी फिरवली की बंद. ती तशीच राहावी म्हणून स्क्रू थोडा घट्ट, किंवा फाटकावर एक छोटी टेकणी. स्क्रूच्या ज्या भागाला आटे नाहीत तो भाग खिट्टीच्या भोकात यायला हवा. आटे भोकात आले तर ते लाकूड खातात आणि भोक मोठं होत जातं.


बागवाली

तिरकी पट्टी फिरवून झाली, फाटक वर आलं. आता पडती खिट्टीच करते. दोन शंका. माझं फाटक उजवीकडे उघडतं, मापं उलटी करायची का? आणि ठोकळा खांबावर नेमका किती उंचीवर लावायचा हे कसं ठरवायचं?


पटाशी

उजवं-डावं फक्त आरशासारखं उलटं होतं, मापं तीच. पाहायचं ते इतकंच की पट्टी फाटकाच्या त्या अंगाला हवी ज्या बाजूला फाटक उघडतं. म्हणजे बंद होताना पट्टी खांबाच्या तोंडाकडे येते आणि ठोकळा तिच्या वाटेत असतो.

उंची मोजू नका. आधी थांबपट्टी मारा, मग पट्टी आणि कमान पूर्ण बसवा, मग फाटक बंद करून थांबपट्टीला टेकवा. पट्टी कमानीच्या तळावर आपणहून टेकलेली असू द्या. खांबावर पट्टीच्या खालच्या कडेची रेघ मारा. ठोकळ्याचा माथा त्या रेघेच्या १५ मिमी वर आणि खाचेचा तळ ८ मिमी खाली यायला हवा. ठोकळा क्लॅम्पने धरा, स्क्रू एकदम मारू नका. फाटक हळू लोटून पाहा, जोरात लोटून पाहा, मग फाटकाच्या मोकळ्या टोकाला हाताने खाली दाबून धरून लोटा आणि उचलून धरूनही लोटा. चारही वेळा पट्टी पडली की भोकं पाडा.

फाटक आपटण्याचा आवाज मोठा वाटला तर थांबपट्टीवर, पट्टी नाही तर फाटक जिथे टेकतं तिथे, रबराचा पातळ तुकडा लावा. लावणार असाल तर तो क्लॅम्प लावण्याआधीच लावा, कारण रबराच्या जाडीने फाटक तेवढं अलीकडे थांबतं आणि खाचेतल्या ४ मिमीतून ती जाडी वजा होते.